आडावरची फरशी

१

सकाळी आडाचे पाणी शेंदावे, ते दुपदरी फडक्यातून गाळून घ्यावे आणि फडक्यात जे राहील ते थोड्या पाण्यासह पुन्हा त्याच आडात सोडावे, हा चंदनबालाबाईंचा नेम डिग्रजच्या त्या घरात लग्न होऊन आल्यापासून कधी चुकला नव्हता. फडक्यात जे राहते त्याला जिवाणी म्हणतात. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. पण एका थेंबात असंख्य जीव असतात, आणि ज्या पाण्यातून ते उपसले त्याच पाण्यात त्यांना पोचवणे हे पिणाऱ्याचे कर्तव्य आहे. वरून ओतले तर ते आपटून मरतील, म्हणून बाईंकडे तळाला कडी असलेली पितळी घागर होती. ती दोरीने पार पाण्यापर्यंत उतरवायची आणि पाण्याला टेकली की अलगद कलती करायची.

त्यांचा मुलगा सम्मेद पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. वडील आदगोंडा वारल्यावर आईने एकटे राहू नये, घर विकून पुण्याला यावे, असे त्याने ठरवले. हेतू चांगला होता. बाईंनी एकच अट घातली.

"घर इक बाबा. पर मी निघंपातूर आड उघडा ऱ्हाऊ दे. जाताना समद्या जीवांची क्षमा मागते, शेवटची जिवाणी सोडते, मग तू काय बी कर."

सम्मेद हो म्हणाला. नंतर बाई विधानाच्या पूजेसाठी बाहुबलीच्या जैन तीर्थक्षेत्री गेल्या आणि सांगलीहून बाळासो एजंट घर बघायला आला.

"साहेब, घर दाखवणं म्हंजी पोरगी दाखवण्यागत असतंय," तो खोल्या हिंडत म्हणाला. "पावडर आपण लावायची, लाजायचं घरानं." भिंतींना हस्तिदंती रंग द्या, जुन्या ट्रंका हलवा, दारात तुळस ठेवा, असे सांगत तो मागच्या सोप्यात आला आणि थबकला.

"ह्यो काय मधीच?"

"आड आहे. आजोबांच्या वेळचा. घर नंतर त्याच्याभोवती बांधलं."

"आन् त्यो बी नैर्ऋत्येला! साहेब, आता गिऱ्हाईक एकटं येत न्हाई, संगं वास्तूवालं घिऊन येतंय. आड दिसला की वास्तूवालं डोळं झाकतंय आन् गिऱ्हाईक चप्पल घालतंय."

"मग?"

"मग काय? स्लॅब टाका, वर फरशी. मोटर हाय तशी चालू ठेवा. कुणी इचारलं तर बोअर म्हणायचं. खोटं कुठं हाय? पाणी जमिनीतनंच येतंय की!"

सम्मेद हसला. रहाट उतरवला गेला, स्लॅब पडला, घरातल्या फरशीच्याच रंगाची फरशी वर बसली. तो कोणाशी खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त गवंडी बोलावला होता. माणूस असत्याला अशीच साधी कामे नेमून देतो. मात्र गवंड्याला तो जे म्हणाला ते त्याचे त्यालाच ऐकू गेले होते: "आई यायच्या आत उरकून टाक."

२

फरशी वाळली तशी बाळासोने मोबाईलवर घराची फीत काढली. पुढची खोली, देवघर, स्वयंपाकघर सगळे उजळ आले. सोप्यातून मात्र तो कुरकुरत बाहेर आला.

"फरशी कुणी पुसली ओ आत्ताच?"

पुसली कोणीच नव्हती. सम्मेदने वाकून हात लावला. फरशी कोरडी होती, उन्हाने कोमट होती. मोबाईलच्या पडद्यावर मात्र तिच्या मधोमध एक ओला गोल होता, घागर ठेवून उचलल्यावर राहावा तसा, पण आडाच्या तोंडाएवढा.

"उजेडाची तिरीप असेल," सम्मेद म्हणाला.

बाळासोने खिडकी लावून पुन्हा चित्र घेतले. गोल होता. सम्मेदने स्वतःच्या मोबाईलवर घेतले. गोल होता. फीत लावली तेव्हा त्याची कड स्थिर नव्हती. झोपलेल्याच्या पोटासारखी ती किंचित वर-खाली होत होती.

"सोपा गाळू या फितीतनं," बाळासो म्हणाला. त्या दिवशी त्याने पुढे एकही विनोद केला नाही.

चंदनबालाबाई परतल्या त्या त्याच दिवशी, दिवस मावळण्याआधी. त्यांनी सोप्यातली नवी फरशी पाहिली आणि देवघरात जाऊन सामायिकाला, रोजच्या ध्यानाला, बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नळाचे पाणी गाळले. नळाला पाणी आडाचेच होते, मोटरीने चढवलेले. गाळणे घागरीत धुऊन घेऊन त्या सोप्यात आल्या आणि फरशीच्या कडेला उभ्या राहिल्या.

"सम्मेद, जिवाणी कुठं सोडू रं?"

"आई, तिथं मोरीत सोड ना. कोण बघतंय?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिले. रागावून नव्हे. उंबऱ्यात उभ्या असलेल्या परक्याकडे पाहावे तसे.

"तू हो म्हणाला हुतास."

"घर गेलं की उघडून देतो. इसार होईपर्यंतच."

बाईंनी घागर फरशीवर ठेवली, तिच्यावर ओले फडके झाकले आणि देवघराकडे तोंड करून हात जोडले. "ज्याचं त्याला पोचल्याबिगर मला पाण्याचा त्याग."

वैशाखाचे ऊन होते. सम्मेदला वाटले, दुपारपर्यंत आई विसरेल. दुपारी त्यांनी शेजारून आलेले वाटीभर दूध घेतले, आणि सांजेला तेही नको म्हणाल्या.

३

पहिले गिऱ्हाईक जयराज आणि त्याची बायको अंकिता. जयराज सैन्यातून नुकताच निवृत्त झालेला, मूळचा कवठे महांकाळकडचा. मुलींच्या शाळेसाठी त्याला सांगलीजवळ घर हवे होते.

"पुरात पाणी कुठवर आलेलं?" त्याने दारातच विचारले. कृष्णाकाठी हा प्रश्न माणसे नाव विचारण्याआधी विचारतात.

"पायरीला लागलं होतं. आत नाही." हे खरे होते.

"प्यायला?"

"बोअर आहे."

जयराज जरा खट्टू झाला. "मला वाटलं जुनी जागा, आड-बीड आसंल. आमच्याकडं टँकरमागं पळून जल्म गेला ओ. घरात आड म्हंजी आमच्या आईनं त्येची पूजा मांडली आसती."

"झालं!" अंकिता म्हणाली. "घर बघाय आलाय का हीर? पोरींच्या शाळंचं बघा आधी."

बाळासो मागे उभा राहून खोकला. खरे सांगण्याची वेळ असते ती अशीच, दोन वाक्यांच्या मधली. सम्मेद पाणी आणायला आत गेला.

तो परतला तेव्हा अंकिता सोप्याच्या मधोमध उभी होती. "हितं किती गार वाटतंय," ती म्हणाली, आणि लगेच बाजूला सरली. पायाकडे पाहू लागली. "खालनं काय चालतंय का ओ?"

"काय चालणार?"

"न्हाई, मुंग्या आल्या आसतील पायाला."

जयराजने पेला उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि न पिता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. हात काढून घेतला.

"हे बघा," तो म्हणाला.

पेला सरळ होता, कट्टाही सरळ होता. पण पेल्यातले पाणी एका कडेला चढलेले होते. सोप्यातल्या फरशीच्या बाजूला. उतारावर ठेवलेल्या भांड्यात चढते तसे.

"रस्त्यानं उसाचा ट्रक गेला आसंल," बाळासो घाईने म्हणाला.

"ऊस संपलाय की कवाच," जयराज म्हणाला. इतक्यात पाणी सावकाश पातळीवर आले. तो स्वतःशीच हसला, सीमेवर असताना डोळे असेच फसायचे म्हणाला. घर त्यांना पसंत होते. चांगला दिवस बघून इसार द्यायला येतो, असे सांगून ती दोघे गेली. पेला तसाच भरलेला राहिला.

सम्मेद इंजिनिअर होता. कोयनेतून पाणी सोडले की कृष्णाकाठच्या आडांची पातळी वाढते. झाकलेल्या आडात हवा कोंडते. कोंडलेल्या हवेने जमिनीला कंप येतो. त्याने हे स्वतःला नीट समजावले. पाणी कलते कसे, एवढा एकच प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

४

चंदनबालाबाई आता देवघराबाहेर चटईवर पडून असत. ओठांना चिरा गेल्या होत्या. णमोकार मंत्र म्हणताना जीभ टाळ्याला चिकटे आणि त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

"आई, घोटभर."

त्या मान हलवत. सम्मेद सोप्यात गेला, घागरीसमोर बसला. पहार आणून फरशी फोडणे तासाभराचे काम होते. पण जयराज इसार घेऊन येणार होता, फुटलेल्या फरशीचे काय सांगायचे? आणि तोवर आईचे काय? दोन्ही गोष्टी वाचतील असा एक मार्ग त्याला दिसला. असा मार्ग माणसाला नेहमीच दिसतो.

त्याने घागर उचलली. ती असायला हवी त्याहून जड होती. मोरीत नेऊन त्याने ती पालथी केली.

पाणी गेले नाही. अनोळखी गोठ्याच्या दारात गुरे थबकावीत तसे ते मोरीच्या तोंडाशी थबकले, जाळीवर उंच साचून राहिले. सम्मेदने घागर तशीच धरून ठेवली. मग सगळे एकदम गेले. त्याचा आवाज पाणी जाण्याचा नव्हता. अनवाणी गर्दीने अंधारा जिना उतरावा तसा तो होता, आणि तो थांबायला फार वेळ लागला.

तोंड धुऊन तो आईजवळ गेला.

"फरशीची एक कड काढली, आई. जिवाणी सोडली."

बाईंनी डोळे उघडले. "पाण्याला टेकवून?"

"टेकवून."

"क्षमा मागितलीस?"

"मागितली."

त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "माझं बाळ ते. दे आता पाणी."

५

त्या एक तांब्या प्यायल्या, मग दुसरा, मग तिसरा. सम्मेदला रडू आले. इतक्या दिवसांच्या तहानेचे हे पाणी आहे, त्याने मनाशी म्हटले.

दुसऱ्या दिवशीही तहान शमली नाही. त्या नळाशी बसून तांब्यामागून तांब्या पीत, डोळे उघडे ठेवून, आणि पिताना घोट गिळल्याचा आवाज येत नसे. दुपारी दोरीवरचे कपडे काढताना सम्मेदचा हात गाळण्याच्या फडक्याला लागला. ते कडक वाळलेले होते. काल कधीतरी वाळत टाकलेले, आज वापरलेलेच नाही. ज्या बाईने आयुष्यात न गाळलेला थेंब तोंडात घेतला नव्हता, ती सकाळपासून नळाखाली तांब्या धरत होती.

त्याने आईला सांगलीला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले. साखर नव्हती, मूत्रपिंडे चांगली होती. "ऊन केवढं आहे, पिऊ द्या," डॉक्टर म्हणाले. सम्मेदला हलके वाटले. येताना वाटेत त्याने पाण्याची बाटली घेऊन आईला दिली. तिने एक घोट घेतला आणि गाडीच्या खिडकीतून थुंकला.

"हे नव्हं," ती म्हणाली. "घरचं दे."

घरी मोटर आता फार वेळ चालवावी लागे, तरी टाकी भरत नसे. कुठेतरी गळती असेल, असे म्हणत तो नळाच्या साऱ्या जोडांवरून हात फिरवत गेला. जोड कोरडे होते. सोप्यातून जाताना पूर्वी तळपायांना जाणवणारा गारवा आता नव्हता. फरशी कोरडी, कोमट, निर्जीव होती. खाली काहीच नसावे तशी.

६

सूर्य मावळल्यावर त्या घरात कोणी पाण्याला शिवत नसे. चंदनबालाबाई तापाने फणफणल्या होत्या तेव्हाही त्यांनी सूर्योदयाची वाट पाहिली होती. म्हणून त्या संध्याकाळी, अंगणातला उजेड गेल्यावर, स्वयंपाकघरात नळ सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा सम्मेदला आधी वाटले की शेजारी कोणी आत आले आहे.

आई मोरीपाशी उभी होती. तांब्या तोंडाला लावलेला.

"आई, दिवस मावळला."

ती थांबली नाही. तांब्या रिता झाला, नळाखाली गेला, भरला, पुन्हा तोंडाला लागला. सम्मेद पुढे झाला आणि त्याने पाहिले की ती रडत आहे. पाणी आत जात होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होते, आणि चेहऱ्यावर अशी लाज होती की मुलाने ती पाहू नये.

"मला धर रं," ती दोन घोटांच्या मध्ये म्हणाली. "हात धर माझा. मी पीत न्हाई. मी न्हाई पीत, सम्मेद."

त्याने दोन्ही हातांनी तिचे मनगट धरले. ते थंड होते. कातडीखाली नाडी लागली नाही. तिथे सगळीकडून, सगळ्या दिशांनी, बारीक बारीक काही सरकत होते. बाजाराच्या दिवशी भरलेल्या गल्लीत हात घालावा तसे. त्याने हात सोडला. त्याने तो सोडायला नको होता. तांब्या पुन्हा वर गेला.

मग नळाला एक उसासा आला आणि पाणी थांबले. मोटर चालूच होती, कोरडी घरघरत. तांब्यात शेवटचे चार बोटे पाणी उरले होते. ते ओट्यावर ठेवून आई भिंतीला टेकली आणि खाली बसली. तांब्याकडे पाठ फिरवायला तिला साऱ्या अंगाचे बळ लागले.

७

सकाळी जयराज, अंकिता आणि बाळासो इसार घेऊन आले. अंकिताने पेढेही आणले होते. सम्मेद दारातच म्हणाला, "बोअर नाही. सोप्यात आड आहे. मी झाकला."

"साहेब!" बाळासो ओरडला.

जयराजला कळायला जरा वेळ लागला. "मग लपवला कशाला? आमी त्येच तर हुडकत हुतो की."

सम्मेद म्हणाला, "पहार चालवायला मदत कराल का? माझ्या आईसाठी."

सैनिकाने कारण विचारले नाही. दोघांनी फरशी उचकटली, स्लॅबला भगदाड पाडले. जयराजने बॅटरी आत धरली.

तो आड दुष्काळात कधी आटला नव्हता. काल संध्याकाळपर्यंत त्याचे पाणी नळाला येत होते. आता तळाशी माती होती, आणि ती ओली नव्हती. तिला भेगा पडल्या होत्या, रुंद, जुन्या, वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या रानासारख्या. जयराजने खडा टाकला. वाळक्या ढेकळावर पडल्याचा आवाज आला.

"एका रात्रीत?" तो हळू म्हणाला.

अंकिताने सहज मागे पाहिले. सोप्याच्या दारात चंदनबालाबाई उभ्या होत्या, चौकटीला धरून. कृश बाई, पण उभ्या राहिल्या होत्या त्या भरलेली घागर डोक्यावर असलेल्या बाईसारख्या, थेंबही सांडू नये अशा जपून. त्यांनी एक पाऊल टाकले, आणि त्यांच्या अंगातून आवाज आला. खोल, बंद, हिंदकळणारा.

अंकिताने नवऱ्याचा दंड पकडला. जयराजने दारात चपला घातल्या आणि वळून न पाहता म्हणाला, "इसाराचं ऱ्हाऊ द्या. आईस्नी जपा." बाळासो त्यांच्या पुढेच निघाला होता.

८

दिवसभर सम्मेद आईजवळ बसून होता. दुपार उलटल्यावर त्याने सांगून टाकले.

"आई, मी जिवाणी आडात सोडली नाही. मोरीत ओतली."

"ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

तिने छातीवर हात ठेवला. "हितं लय गर्दी झालीया रं. समदी तेच सांगत्यात."

"चल, आता पुण्याला जाऊ. मोठ्या दवाखान्यात."

"ह्यांचं ठिकाण हितं हाय."

"मग आड उघडलाय, सोड त्यांना!"

"कोरड्यात?" ती म्हणाली. या स्थितीतही तिच्या आवाजात जरब होती. "कोरड्यात सोडून मारू? तू मोरीत ओतलीस, मी आडात आपटू?"

सम्मेदने मान खाली घातली. अंगणातले ऊन भिंतीवरून वर सरकत गेले आणि संपले. आई काही वेळ ओठ हलवत होती; मग ती सावकाश उठून बसली.

"तू टेकवून सोडली म्हणालास म्हणून मी पाणी घेतलं. आता कळलं. आता मला त्याग हाय, शेवटपातूर." तिने ओठ मिटले.

तिचे अंग थरथरू लागले. आतून कोणी दार ढकलावे तशी छाती उचलत होती, जबडा आपोआप उघडू पाहत होता, आणि ती तो हातांनी दाबून धरत होती. सम्मेदला ते पाहवेना. धर्म, नेम, सूर्य, सारे विसरून तो स्वयंपाकघरात धावला आणि ओट्यावरचा तांब्या घेऊन आला. त्या घरचे तेवढेच पाणी उरले होते.

"पी, आई. मी सांगतो, पी. पाप मला लागू दे."

त्याने तांब्या तिच्या तोंडाशी नेला, सरळ धरला. अजून थोडा उजेड होता, म्हणून ते त्याला दिसले. पाणी तांब्याच्या कडेवर चढले. सांडले नाही. बोटाएवढे जाड होऊन ते हवेत वर उठले, आईच्या ओठांपर्यंत गेले आणि तिथे टेकून थांबले. त्याच्या टोकाशी असंख्य काही उघडझाप करत होते.

आईने डोळे मिटले. ओठ उघडले नाहीत. हळूहळू तिचे थरथरणे ओसरू लागले, आणि तांब्या सम्मेदच्या हातात जड होत गेला, काठोकाठ भरल्यासारखा.

मग पाणी तिच्या ओठांपासून सुटले आणि सावकाश दुसऱ्या बाजूला कलले.

सम्मेदला तांब्या खाली ठेवायचा होता. पण त्याचा घसा वाळला होता. इतकी तहान त्याला आयुष्यात कधी लागली नव्हती.